गाडी 'मिसिंग' मारतेय? रिंगबोरचा खर्च करण्याआधी हे तपासा

रेवसच्या धक्क्यावरून समोर करंजा दिसतं. पण गाडीने जायचं तर धरमतरची खाडी वळसा घालून वडखळवरूनच. एवढ्या रस्त्यावर जुनी पद्मिनी 'मिसिंग' मारायला लागली, की दर चढाला जीव वर-खाली होतो. त्यात कोणीतरी सांगतं, 'इंजिन काम काढावं लागेल.' थांबा. बऱ्याचदा दोष एका प्लगचा असतो.

मिसिंग म्हणजे काय? पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनात चार सिलिंडर. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो, 1-3-4-2 या क्रमाने. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला 800 फेऱ्या घेत असेल, तर 1600 वेळा पेट्रोल पेटायला हवं. एक सिलिंडर मेला की उरले 1200. म्हणून ती लय तुटते, बॉनेट थरथरतं आणि पिकअप जातो.

आता दोषी शोधू. इंजिन बंद करा. एका प्लगची कॅप काढून तिच्यात जुना, चालू प्लग अडकवा आणि त्याचं धातूचं अंग इंजिनच्या बॉडीला पक्कं टेकवून ठेवा. मग गाडी सुरू करा. आवाज आणखी बिघडला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला! असं चारही सिलिंडरचं करा, दर वेळी इंजिन बंद करून. चालू इंजिनात वायरला हात लावू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात. पेट्रोल गळत असेल तर हा प्रयोग नकोच.

त्या अडकवलेल्या प्लगवर निळी ठिणगी दिसतेय का? दिसत असेल, तर मेलेल्या सिलिंडरचा प्लग काढून शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर दुसरीकडे गेला, तर नवा प्लग घ्या, विषय संपला. प्लगचं तोंडही बघा. कोरडी काजळी असेल तर कार्बोरेटर जास्त पेट्रोल देतोय. तेलकट असेल तर ऑइल वर चढतंय. पेट्रोलने ओला असेल तर बहुधा ठिणगीच पडत नाहीये.

ठिणगी नसेल तर वायर आणि डेल्कोची कॅप बघा. किनाऱ्यावर माझा पहिला संशय इथेच जातो. खारी हवा कॅपवर आणि वायरवर मिठाचा थर बसवते, पावसाळ्यात तो ओला होतो आणि करंट प्लगपर्यंत न जाता बाहेरूनच पळतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनकडे लांबूनच बघा. गळणारा करंट निळसर चमकताना दिसतो. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ असेल तर पुसून उपयोग नाही, कॅप बदला. (वायरी परत लावताना क्रम चुकला, तर एकाचे दोन सिलिंडर मरतील. आधी मोबाइलवर फोटो काढा.)

प्लग, वायर, कॅप सगळं ठीक असूनही तोच सिलिंडर मेलेला असेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. गेज गॅरेजवाल्याकडे असतं. चारही प्लग काढून, कॉइलची जोडणी तोडून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा. एका सिलिंडरचा आकडा खूप कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर गॅसकेटवर संशय जास्त. रिंगबोरची चर्चा करायची ती हे आकडे हातात आल्यावर.

मात्र 'चालतेय ना' म्हणून तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नंतरच्या गाड्यांत तेच पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून तो जाळतं, त्यामुळे कॅप काढण्याचा वरचा प्रयोग त्या गाड्यांवर करू नका. तिथे स्कॅनर लावा. पी 0302 असा कोड आला, तर दुसरा सिलिंडर.