रफार शेवटी सापडतो

शनिवारी सकाळची शाळा. जिल्हा परिषदेच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेच्या व्हरांड्यात मी सतरंजीवर बसते. दुसरी-तिसरीतली पोरं एकेक करून पुस्तक घेऊन शेजारी येतात. मी फक्त ऐकायचं.

सुरुवातीला ते जमलं नाही. एकाने 'नाही' हा शब्द 'न्हाई' असा वाचला, मी लगेच टोकलं. पुढच्या ओळीपासून त्याचा आवाजच बसला. सुट्टीत बाईंनी मला बाजूला घेतलं. "अर्थ कळला म्हणूनच तो घरच्यासारखं बोलला. अर्थ चुकला तरच थांबवा."

खरी कुस्ती असते ती 'र'शी. 'सूर्य'मध्ये तो 'य'च्या डोक्यावर, 'चक्र'मध्ये 'क'च्या पायाशी तिरकी रेघ, 'राष्ट्र'मध्ये 'ट'खाली छपरासारखा, आणि 'सुऱ्या'मध्ये आडवा, पापणीसारखा. मुलं 'सूर्य'चं 'सूयर' करतात, ते निष्काळजीपणाने नव्हे. नजर डावीकडून उजवीकडे जाते, रफार शेवटी सापडतो. म्हणायचा मात्र 'य'च्या आधी. पहिल्या वेलांटीचं नेमकं उलटं. 'दिवा'त ती 'द'च्या आधी दिसते, उच्चार मागून. दिसलेलं क्षणभर जिभेवर थोपवून धरायचं, हे काही सोपं काम नाही. आपल्याला ते कधी जमलं हेच आपण विसरलोय. पूर्वी मूल अडलं की मी शब्द सांगून मोकळी व्हायचे. आता मनात पाच आकडे मोजते. बरेचदा चारच्या आत शब्द येतो. नाहीच आला, तर बोटाने अर्धा झाकते.

शाळेतली गोष्टींची पुस्तकं बराच काळ कपाटात, कुलपात होती. बाईंना दोष देववत नाही. हरवलेल्या पुस्तकाचा जबाब शेवटी त्यांनाच द्यावा लागतो. वाट निघाली गावच्या 'ड' वर्ग वाचनालयातून. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारं, संध्याकाळी पेपर वाचणाऱ्या आजोबांचं ते ठिकाण. तिथल्या ग्रंथपालांनी 'किशोर'च्या जुन्या अंकांचा गठ्ठाच काढून दिला. बालभारती हे मासिक १९७१पासून काढते. आमच्या गठ्ठ्यातले काही अंक मुलांच्या आईवडिलांच्या वयाचे निघाले.

अंक शनिवारी न्यायचा, सोमवारी आणायचा. नोंदवही चौथीतली एक मुलगी सांभाळते, आणि ती बाईंपेक्षा कडक आहे. मागच्या सोमवारी एक अंक पिवळ्या बोटांचे ठसे घेऊन परतला. वाचणारा खाली बघत म्हणाला, "आजी भाजी करत होती. चित्र बघायला मध्येच आली."

नोंदवहीवालीने अंक उलटसुलट पाहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'हळद. चालेल.'