गॅस गीझर : स्विचला न कळणारा धोका
थंडीत बाथरूममध्ये बेशुद्ध पडलेला रुग्ण आला, की आम्ही आधी नातेवाइकांना विचारतो, ‘घरी गॅस गीझर आहे का?’ नळ सोडला की पाण्याच्या प्रवाहाने आतला स्विच चालू होतो आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. पाणी थांबले की बंद होतो. पाण्याविना गीझर तापू नये, एवढेच त्या स्विचचे काम. बंद खोलीतला ऑक्सिजन कमी झाल्याचे त्याला कळत नाही. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. डोके गरगरले, तर नळ बंद करून लगेच बाहेर या. ऑक्सिमीटरवरचा आकडा चांगला दिसला, तरी रुग्णालय गाठा.