सॉफ्टवेअरचें भांडार व त्याची राखण

जुन्या दप्तरखान्याचे दोन नियम आहेत. कागद कितीहि मोलाचा असला, तरी यादींत त्याची नोंद नसेल तर तो वेळेवर सांपडत नाहीं; आणि त्यावरील शिक्का खरा नसेल तर त्यावर कोणी विसंबत नाहीं. आपल्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत मोडी कागद पाहणारास हे नियम पदोपदीं आठवतात. संगणकाच्या जगांतहि अशींच दप्तरें आहेत. शाळेंतील वा कचेरींतील यंत्र ज्या सॉफ्टवेअरवर चालतें, तें पुष्कळदां अशा भांडारांतूनच येतें. म्हणून त्याची राखण कशी होते, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

‘डेबियन’ हें अशा भांडारांपैकीं एक प्रमुख होय. १९९३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत इयन मर्डॉक नांवाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानें हें कार्य आरंभिलें. आज जगभरचे स्वयंसेवक तें चालवितात. २०२५ सालच्या आवृत्तींत ६९,००० हून अधिक पॅकेजें आहेत. पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअरचें बांधलेलें गाठोडें. त्याचें नांव, आवृत्तीचा क्रमांक, आणि तें चालण्यास दुसरीं कोणतीं पॅकेजें लागतात, ह्यांची चिठ्ठी त्यांतच असते. मराठी अक्षरें पडद्यावर उमटविणारा ‘लोहित देवनागरी’ हा टंकहि अशाच एका गाठोड्यांत मिळतो.

एवढा पसारा हातानें सांभाळणें अशक्य. म्हणून ‘डॅक’ नांवाचा साधनसंच योजिला आहे. स्वयंसेवक आपलें पॅकेज अंकीय सहीसह पाठवितो. डॅक प्रथम ती सही ओळखीची आहे कीं नाहीं हें पाहतो, मग फाइलींचा ठसा पडताळतो. ठसा म्हणजे फाइलीवर गणित करून काढलेला एक लांब आंकडा. फाइलींत एक अक्षर जरी बदललें, तरी तो सारा पालटतो. पॅकेज अगदीं नवें असेल, तर जबाबदार माणसें तें स्वतः तपासतात, परवान्याच्या अटी वाचतात, व मगच तें आंत घेतात. पुढें सर्व पॅकेजांची यादी तयार होते, यादींत प्रत्येकाचा ठसा लिहिला जातो, यादीचा ठसा एका मुख्य पत्रकांत येतो, आणि त्या पत्रकावर भांडाराची सही होते. अशा रीतीनें एका सहीनें हजारों गाठोड्यांची हमी मिळते. आपलें यंत्र हाच पडताळा उलट क्रमानें करितें; म्हणून भांडाराची नक्कल कोणत्याहि गांवची असली तरी चालते.

लहान संस्थांसाठीं ‘रेप्रेप्रो’ व ‘ॲप्टली’ हीं सुटसुटीत साधनें आहेत. शाळेंत तीस यंत्रें असल्यास, तेंच पॅकेज तीस वेळां दुरून आणण्यापेक्षां शाळेंतच लहानसें भांडार ठेवितां येतें. ॲप्टली तर भांडाराची त्या दिवसाची स्थिति जशीच्या तशी जपून ठेवितें; नवी आवृत्ति बिघडली तर मागें जातां येतें.

परंतु सही कोणाची हें कळलें, तरी सही करणाराचें मन कळत नाहीं. फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ ह्या साधनांत, विश्वास संपादन केलेल्या एका सहकाऱ्यानेंच चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्यें आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास दिसलें कीं, दूरच्या यंत्रांत प्रवेश करण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागत आहे. त्यांनीं तें क्षुल्लक म्हणून सोडून दिलें नाहीं; शोध करून चोरवाट उघडकीस आणली. डेबियनमध्यें नवें पॅकेज प्रथम ‘अस्थिर’ विभागांत, कांहीं दिवसांनीं ‘चांचणी’ विभागांत, आणि नव्या आवृत्तीच्या वेळींच ‘स्थिर’ विभागांत जातें. तें दूषित पॅकेज पहिल्या दोहोंत शिरलें होतें. सर्वसाधारण लोक वापरतात त्या स्थिर विभागापर्यंत तें पोंचलें नाहीं, व लगेच मागें घेण्यांत आलें.

ह्यावरून साधनांचें खरें काम ध्यानांत येतें. नोंद, शिक्का आणि पायरीपायरीची परीक्षा हीं तीन्ही तीं अचूक राखतात. पण अर्ध्या सेकंदाचा फरक पाहून थांबणारा मनुष्यच असावा लागतो. विद्यार्थीमित्रहो, अनोळखी ठिकाणचें सॉफ्टवेअर यंत्रांत घालण्यापूर्वीं तें कोणाच्या सहीचें आहे, हें विचारण्याची संवय आजच लावून घ्या.