गंजीफा, दशावतारी
गंजीफा, दशावतारी : विष्णूच्या दहा अवतारांवर आधारलेल्या गोल पत्त्यांचा खेळ. गंजीफा हा शब्द फार्सीतून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजीफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल संचात सामान्यतः ८ रंग व ९६ पाने असत. दशावतारी संचात मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० रंग (पानांचे गट) व १२० पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची १० पाने येतात. राजाच्या पानावर अवताराची आकृती, तर आकड्यांच्या पानांवर मासा, कासव, परशू यांसारखी त्याची खूण तितक्या वेळा रंगविलेली असते.

खेळ : तीन खेळाडूंना प्रत्येकी ४० पाने वाटतात. दिवसा रामाचा व रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल, त्याची पहिली उतारी असते. पाच रंगांत दश्शी वरचढ, तर उरलेल्या पाचांत एक्का वरचढ असतो. हुकूम नसल्याने पडून गेलेली पाने स्मरणात ठेवणे, हेच खेळाचे मर्म होय.

निर्मिती : महाराष्ट्रात सावंतवाडी हे या कलेचे प्रमुख केंद्र आहे. चिंचोक्याच्या खळीने कागदाचे वा कापडाचे थर चिकटवून, घोटून व रंगवून पानांवर लाखेचा लेप देतात. पानांच्या पाठी एकसारख्या असाव्या लागतात. अन्यथा पान ओळखू येते. संचांचे दरबारी व बाजारी असे भेद होते. दरबारी संच हस्तिदंताचे किंवा सोन्याच्या वर्खाने सजविलेले असत. तथापि वर्खाचे पान साध्या पानाहून अधिक हात जिंकत नसे. हाच न्याय अमेरिकेत १९९३ मध्ये निघालेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या कल्पितविश्वावरील खेळातही दिसतो. त्यातील चकाकत्या फॉइलचे पान संग्राहकाला मोलाचे वाटते. पण खेळात त्याचे बळ त्याच साध्या पानाएवढेच असते.

सद्यःस्थिती : छापील पत्त्यांच्या प्रसारामुळे गंजीफा मागे पडला. सावंतवाडीत ही कला लोपण्याच्या बेतात असता शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यात चितारी कारागिरांना आश्रय देऊन तिचे पुनरुज्जीवन केले. आता संच मुख्यत्वे भेटवस्तू व संग्राह्य कलावस्तू म्हणून विकले जातात. परिणामी पाने टिकली, पण ती खेळणारे विरळ झाले. आणि खेळाचे नियम माहीत नसलेल्या संग्राहकाला आकड्यांची पाने केवळ नक्षी वाटतात.