फोनवरची नोकरी आणि दिलेला राजीनामा

"तुमचं सिलेक्शन झालंय, एक तारखेला जॉइन व्हा." एचआरचा असा फोन येतो, माणूस आहे ती नोकरी सोडतो आणि आठवड्याभरात दुसरा फोन येतो: "सॉरी, पोझिशन होल्डवर गेलीये." घरचे, मित्र सगळे म्हणतात, लेखी काही नव्हतं ना, मग विसरून जा. या सल्ल्यापायी कितीतरी जण हक्काच्या भरपाईवर पाणी सोडतात.

भारतीय करार कायदा, 1872 तोंडी करारही मानतो. पद, पगार, रुजू व्हायची तारीख ठरली आणि तुम्ही होकार कळवलात, तर करार झाला असं म्हणता येतं. होकार पोचण्याआधी मात्र कंपनी ऑफर मागे घेऊ शकते. कलम 5 तशी मुभा देतं. 'मॅनेजमेंटच्या मंजुरीनंतरच पक्कं' असं आधीच सांगितलेलं असेल, तर तुमची बाजू लंगडी पडते.

'कोर्टात गेलो की नोकरी मिळेल' ही आशाही फोल. खासगी नोकरीचा करार कोर्ट सहसा जबरदस्तीने पाळायला लावत नाही. मागता येते ती कलम 73 खालची नुकसानभरपाई, तीही करार मोडल्याने ओघाने झालेल्या किंवा करार करताना दोघांनाही ठाऊक असलेल्या नुकसानीपुरती. म्हणून राजीनामा देण्याआधीच एचआरला मेल टाका: फोनवर ठरलेलं पद, पगार, तारीख, आणि "या भरवशावर मी आजची नोकरी सोडतो आहे" हे एक वाक्य. पुढे सगळी भिस्त त्यावरच असते. तरीही वर्षभराच्या पगाराची स्वप्नं पाहू नका. नोटीस देऊन कामावरून काढता येण्याची अट असेल, तर रक्कम बहुधा नोटीस काळाच्या पगाराच्या आसपासच थांबते.

रुजूच न झालेल्याला कामगार न्यायालयाचं दार सहसा बंद असतं. आधी वकिलाची नोटीस, मग दिवाणी दावा. मुदत करारभंगापासून 3 वर्षं. व्हॉट्सॲप चॅट, मेल, कॉल रेकॉर्डिंग डिलीट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ते पुराव्यात देता येतं. खर्चाची धास्ती असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आणि नकाराचा फोन येईल त्याच दिवशी जुन्या साहेबांना राजीनामा मागे घेण्याची लेखी विनंती करा, नवे अर्जही सुरू ठेवा. नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत, हे कोर्ट भरपाई ठरवताना पाहतं.