तयारी आणि निकास : अहमदजान थिरकवा यांच्या तबल्यासंबंधी एक विचार

१

तालवाद्याच्या श्रेष्ठ वादकाविषयी चर्चा निघाली की रसिकांचे दोन तट पडतात. एका तटाच्या मते हाताची तयारी हीच वादकाची खरी कसोटी होय. जे हाताला साधत नाही ते मनात असून उपयोग काय, असा त्याचा प्रश्न असतो. दुसऱ्या तटाला तयारी ही कसरत वाटते, आणि संगीत हे वेगाच्या पलीकडे कोठेतरी आहे अशी त्याची श्रद्धा असते. हा वाद केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतील जॅझ संगीतात बडी रिच (१९१७–१९८७) या विख्यात ड्रमवादकासंबंधी तो अनेक वर्षे चालू आहे. रिचच्या वेगाबद्दल कोणाचे दुमत नाही. दुमत आहे ते त्या वेगाच्या सांगीतिक मोलाबद्दल. त्याच्या जोडीस मॅक्स रोच (१९२४–२००७) याचे नाव घेतले जाते, कारण रोचच्या वादनाला एखाद्या सुरावटीसारखा आकार असतो असे जाणकार मानतात. १९५९ साली या दोघांची एकत्र ध्वनिमुद्रिकाही निघाली. पुढे १९६८ साली रिचने मुंबईनिवासी तबलावादक अल्लारखा (१९१९–२०००) यांच्यासह ध्वनिमुद्रण केले, आणि हा वाद जणू तबल्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला.

तबल्याच्या क्षेत्रात या प्रश्नाचा निर्णय करणे एका अर्थी अधिक सोपे आहे. येथील प्रत्येक आघाताला नाव आहे. वादक जे वाजवतो ते तो तोंडाने म्हणूही शकतो, आणि या म्हणण्याला ‘पढंत’ असे नाव आहे. म्हणजे तबल्याला स्वतःची अक्षरव्यवस्था आहे. आणि जेथे अक्षरव्यवस्था आहे तेथे भाषाशास्त्राला काही बोलण्याचा अधिकार पोहोचतो. या दृष्टीने अहमदजान थिरकवा यांचे उदाहरण विशेष उद्‌बोधक आहे.

२

थिरकवा मूळचे मुरादाबादचे. त्यांचे शिक्षण मुंबईस मुनीर खाँ यांच्याकडे झाले. बोटे तबल्यावर थिरकतात म्हणून ‘थिरकवा’ हे नाव पडले, आणि पुढे तेच रूढ झाले. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी बालगंधर्वांना दीर्घकाळ साथ केली. नंतर रामपूर दरबारात आणि लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांचे वास्तव्य झाले. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले व १९७६ साली त्यांचे निधन झाले. निखिल घोष, लालजी गोखले, भाई गायतोंडे हे तबलावादक त्यांचे शिष्य. पण ‘गुणीदास’ जगन्नाथबुवा पुरोहित यांच्यासारखा गायकही त्यांच्याकडे तबला शिकला, ही गोष्ट प्रस्तुत संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दोन्ही तटांनी आपल्या बाजूने साक्षीला बोलवावा असा हा कलावंत होता. तयारीचे अभिमानी त्यांच्या रेल्यांकडे बोट दाखवतात. नादाचे अभिमानी त्यांच्या पेशकाराकडे आणि नाट्यपदांच्या साथीकडे. एकच वादक दोन परस्परविरोधी मतांचा आधार होत असेल, तर मतांमधील विरोध कोठेतरी चुकीच्या जागी मांडला गेला आहे अशी शंका घेणे प्राप्त आहे.

३

प्रथम तबल्याचे बोल हे कोणत्या प्रकारचे ध्वनी आहेत ते पाहिले पाहिजे. क, ग, घ हे कंठ्य वर्ण सामान्यतः डाव्या हाताचे, म्हणजे डग्ग्याचे. त, न, ट, र हे जिभेच्या टोकाने उच्चारले जाणारे वर्ण उजव्या हाताचे, म्हणजे दाहिन्याचे. तोंडात जिभेची मागची बाजू व टोक यांचा जो भेद, तोच येथे दोन हातांचा भेद झाला आहे. डग्ग्यावरील आघात दाबून बंद केला की ‘क’, मोकळा ठेवून घुमू दिला की ‘ग’ किंवा ‘घ’. म्हणजे अघोष व घोष हा भेद येथे बंद व घुमणाऱ्या नादाच्या भेदाशी जुळतो. ‘धा’ हा बोल तर या व्यवस्थेचा उत्तम नमुना आहे. ‘ता’ व ‘घे’ एकाच क्षणी वाजले की ‘धा’ होतो. उच्चारशास्त्रातही ‘ध’ म्हणजे ‘त’चे दंत्य स्थान अधिक ‘घ’चा घोष आणि महाप्राण, असेच विश्लेषण करता येते. धिं, तिं, तूं या अनुनासिक बोलांत नाद लांबतो. ट, क या स्पर्शांत तो तुटतो.

ही जुळणी संपूर्ण नाही हेही सांगितले पाहिजे. ‘ता’ आणि ‘ना’ ही पुष्कळदा एकाच आघाताची दोन नावे असतात. उलट ‘ति’ किंवा ‘ट’ हे एकच नाव परिसराप्रमाणे वेगवेगळ्या बोटांनी वाजते. एकाच बोलाचा निकास दिल्ली बाजात दोन बोटांनी किनारीवर, तर पूरब बाजात लवेवर किंवा पंजाने होतो. स्वनिम एक आणि त्याचे उच्चार अनेक, ही भाषेतील परिचित स्थिती येथेही आढळते. थिरकवांनी दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद या घराण्यांची विद्या आत्मसात केली होती. भाषेच्या परिभाषेत ते अनेक बोलींचे जाणकार होते, आणि ज्या बोलीची रचना त्याच बोलीच्या उच्चारात ती म्हणण्याचा विवेक त्यांच्या ठायी होता.

शिवाय तबला हे केवळ आघाताचे वाद्य नाही. १९१० च्या सुमारास नागपूर येथे अर्थखात्याच्या नोकरीत असलेले चंद्रशेखर वेंकट रामन यांनी पुढे, १९२० मध्ये, एका सहकाऱ्यासह असे दाखवून दिले, की मृदंग व तबला यांच्या पुडीवरील शाईमुळे त्यांचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत येतात. सामान्य ढोलाच्या कातड्यात हे घडत नाही. म्हणून दाहिन्याला निश्चित स्वर आहे. आणि बोट कोठे, किती वेळ टेकले यावर तो स्वर उमटणे न उमटणे अवलंबून आहे. येथे तंत्र बदलले की नाद बदलतो.

४

या बोलांतील विरोधांवर तालाची रचना उभी असते. त्रितालाचा ठेका घ्यावा. सोळा मात्रांपैकी पहिल्या आठ ‘धा धिं धिं धा, धा धिं धिं धा’ अशा सघोष आहेत. नवव्या मात्रेवर हाताने खाली दाखवतात. परंतु ठेक्यात त्या जागी ‘धा’च आहे. दहाव्या मात्रेपासून ‘तिं तिं ता’ आणि तेराव्या मात्रेवर पुन्हा ‘ता’ असे चार अघोष बोल येतात, व चौदाव्या मात्रेवर ‘धिं’ परततो. हाताची खाली आणि नादाची खाली एका मात्रेच्या अंतराने चालतात. सम जवळ आल्याची जाणीव श्रोत्याला होते ती बहुतांशी या परतलेल्या घोषामुळे.

कायद्यात हेच तत्त्व विस्ताराने येते. मुखातील बोलांबाहेरचा बोल पलट्यात येऊ द्यायचा नाही, आणि भरीचा भाग एकदा सांगून खालीच्या भागात ‘धा’च्या जागी ‘ता’, ‘गे’च्या जागी ‘के’ असा पालट करायचा, हे त्याचे बंधन आहे. कायद्याचा अर्थ असला तर तो या घोष-अघोष विरोधातच आहे. बोलांना शब्दांसारखा कोशगत अर्थ नसतो. परंतु रचनागत अर्थ असतो, आणि तो ऐकू येण्यासाठी विरोध शाबूत राहावा लागतो.

आता वेगाचा विचार करता येईल. मात्रा एका सेकंदाची धरली तर चौपटीत सेकंदाला चार अक्षरे होतात, आठपटीत आठ, सोळापटीत सोळा. सोळापटीत एका बोलाच्या वाट्याला सेकंदाचा सोळावा हिस्सा येतो. सामान्य बोलण्यात माणूस सेकंदाला पाच-सहा अक्षरे उच्चारतो. तिरकिटसारखा बोल अशा वेगासाठीच घडलेला दिसतो. तोंडात जीभ टोकाकडून मागे व पुन्हा टोकाकडे जाते, आणि वाद्यावर काम उजव्या हाताकडून डाव्याकडे व पुन्हा उजव्याकडे येते. एका अवयवाला विश्रांती मिळत असतानाच दुसरा अवयव काम करतो. तरीही मर्यादा आहे. वेग हाताबाहेर गेला की प्रथम डग्ग्याची घुमक आटते; मग ‘गे’ आणि ‘के’ सारखेच ऐकू येऊ लागतात; मग खाली व भरी यांतील भेद पुसतो आणि कायद्याची केवळ खडखड उरते. या ठिकाणी हरवते ते निव्वळ सौंदर्य नव्हे, तर रचनेचे आकलनच हरवते.

या कसोटीवर थिरकवांचे मोठेपण स्पष्ट होते. त्यांच्या ध्वनिमुद्रित एकलवादनात द्रुत रेल्यातही बोल एकमेकांपासून अलग ऐकू येतात आणि डग्गा बोलका राहतो. तबलियांच्या परिभाषेत याला निकास म्हणतात. तयारी म्हणजे वेग नव्हे. वेगातही बोलांचे परस्परविरोध राखण्याचे सामर्थ्य म्हणजे तयारी. अशी व्याख्या केली म्हणजे तयारी आणि संगीत ही दोन निराळी खाती राहत नाहीत.

५

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की थोड्या बोलांतही उत्तम संगीत होते, मग एवढ्या तयारीची आवश्यकता काय? नागपूरच्या हुडकेश्वरपासून मोझरीच्या गुरुकुंजापर्यंत विदर्भातील भजनाला परिचित असलेली खंजिरी हे याचे उदाहरण होय. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) स्वतः खंजिरी वाजवत गात असत. खंजिरीची अक्षरे मोजकी, परंतु त्यांच्यातील भेद ठसठशीत. म्हणजे हे उदाहरण वरील विवेचनाच्या विरोधात जात नाही. अक्षरे किती यापेक्षा ती वेगळी ऐकू येतात की नाही, हाच प्रश्न तेथेही आहे. उलट टोकाला गोव्याचे खाप्रुमामा पर्वतकर यांची कीर्ती आहे. हातांनी आणि पायांनी भिन्न ताल एकाच वेळी सांभाळण्याचे त्यांचे लयप्रभुत्व थक्क करणारे होते. तेथे तयारी बोटांची कमी आणि हिशेबाची अधिक. परंतु प्रत्येक ताल आपापल्या समेवर स्वच्छ ओळखू येणे, हीच तिचीही अट.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्व बोल स्वच्छ वाजवणारे वादनही निर्जीव असू शकते. हे खरे आहे. शुद्ध उच्चारांनी वाचलेला उताराही कंटाळवाणा होतो, कारण भाषा वर्णांवर संपत नाही. आघात, विराम, स्वराचा चढउतार ही तिची अंगे आहेत. तबल्यात यांनाच वजन, ठेहराव आणि डग्ग्यावर मनगटाच्या दाबाने काढलेली मींड म्हणतात. थिरकवांच्या पेशकाराचा प्रभाव येथे आहे. तेथे वेग नाही, पण प्रत्येक बोलाचे वजन ठरलेले आहे. नाट्यपदाच्या साथीत तर पदाची अक्षरे आणि तबल्याची अक्षरे एकाच वेळी कानी पडतात. साथीदाराने जागा सोडली नाही तर शब्द बुडतात. बोलणे येणे आणि दुसरा बोलत असताना नेमके बोलणे, ही दोन्ही कौशल्ये भाषेचीच आहेत. रंगभूमीवरील दीर्घ साथीने थिरकवांच्या एकलवादनाला संयम दिला असणे असंभवनीय नाही.

६

तेव्हा वाद मिटत नाही, परंतु त्याची जागा बदलते. ‘तयारी की संगीत’ हा प्रश्न निरर्थक आहे. ‘विरोध राखले आहेत काय, आणि राखले असल्यास त्यांना वजन कसे दिले आहे’ हा प्रश्न सार्थ आहे. पहिल्या भागाचे उत्तर कानाने बरेचसे निश्चित करता येते. रुचिभेदाला खरा वाव दुसऱ्या भागात आहे.

याचा संबंध केवळ रसिकांच्या मतभेदाशी नाही. अध्यापनात वेग आधी व निकास मागाहून अशी वाटणी केली, तर विद्यार्थ्याचा हात पुसट अक्षरांनाच सरावतो. पुसट उच्चारांची सवय लागलेल्या जिभेप्रमाणे तो पुढे सुधारणे दुष्कर होते. परीक्षेत पढंत आणि वादन शेजारी शेजारी ठेवून ऐकले, तर तोंडात असलेला कोणता भेद हातात उरलेला नाही हे तत्काळ कळते. जुन्या उस्तादांनी बोल आधी म्हणवून घेतले आणि मग हातात दिले. ज्याला जो भेद म्हणता येत नाही त्याला तो वाजवता येणार नाही, ही त्यामागील समज भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये.