बसवण्याचा मान

विंडसर किल्ल्यातल्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये दोन्ही अंगांना कोरीव लाकडी आसनांच्या रांगा आहेत. त्यांवर मान आहे तो 1348च्या सुमारास स्थापन झालेल्या ‘ऑर्डर ऑफ द गार्टर’च्या सरदारांचा. आसनाच्या वर सरदाराचा ध्वज आणि शिरस्त्राण, तर मागच्या फळीवर कुलचिन्हाची छोटी धातूची पाटी. सरदार वारला की ध्वज उतरवतात. पाटीला मात्र कुणी हात लावत नाही. 1915 साली, ऐन महायुद्धात, राजा पाचव्या जॉर्जनं जर्मन कैसरसह शत्रुपक्षातल्या सरदारांचे ध्वज काढायला लावले, तरी पाट्या राहू दिल्या. अशा शेकडो पाट्या आजही तिथे पाहायला मिळतात.

या आसनाला इंग्रजीत म्हणतात ‘स्टॉल’. ‘इन्स्टॉल’ हा शब्द त्यातूनच आला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्टालुम’ म्हणजे चर्चमधलं धर्मगुरूचं ठरलेलं आसन आणि त्यावर नेऊन बसवणं म्हणजे ‘इन्स्टालारे’. नेमणूक झाली तरी सर्वांदेखत आसनावर बसवण्याचा विधी व्हायचाच. पुढे गार्टरच्या सरदारांसाठीही हाच शब्द रूढ झाला.

‘स्टॉल’ हा मूळ शब्द जर्मानिक कुळातला आणि अगदी साधा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘जागा’, तसाच ‘गुरांचा गोठा’. वडापावचा स्टॉल आणि धर्मगुरूचा स्टॉल एकाच घरातले! कर्जाचा हप्ता सांगणारा ‘इन्स्टॉलमेंट’ही याच कुळातला, फक्त जुन्या फ्रेंचच्या वाटेनं आलेला. यंत्रं ‘इन्स्टॉल’ होऊ लागली ती एकोणिसाव्या शतकात. संगणकातला अर्थ तर कालपरवाचा.

मराठीत हे सगळं काम ‘बसवणे’ हे एकच क्रियापद करतं. आपण नळ बसवतो, मीटर बसवतो, गणपती बसवतो. 1875 साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसवलं आणि ते सयाजीराव गायकवाड झाले.

संस्थांच्या निमंत्रणपत्रिकांत मात्र ‘इन्स्टॉलेशन’साठी ‘पदग्रहण’ छापलं जातं. शब्द भारदस्त आहे, पण त्यात माणूस पद स्वतः घेतो. ‘इन्स्टॉल’मध्ये त्याला इतरांनी हाताला धरून बसवायचं असतं. ती छटा हवी असेल तर ‘अधिष्ठित करणे’ हा शब्द अधिक जवळचा. आणि बोलताना ‘गादीवर बसवणे’ पुरेसं आहे.